मेल्या गाईच्या तळ्यावर

हार्लन सोन्येनं कर्टिस गास्पारचे पुढचे दात पाडले ते मी कोळ्यांना बर्फ विकतो त्या धक्क्यावर, भर दिवसा, ह्यूस्टनहून आलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत. कर्टिस तेव्हा सोन्येच्या हाताखाली कामाला होता. त्यानं होडी बांधताना दोर ढिला ठेवला, होडी हलली आणि एका गिऱ्हाइकाची भारी बंदूक पाण्यात गेली. सोन्ये ओरडला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. होडी ढकलायची लांब काठी त्यानं उचलली आणि दार ठोठावावं तसं तिचं टोक कर्टिसच्या तोंडावर हाणलं. कर्टिस माझ्या बर्फाच्या ढिगावर बसला आणि बर्फ लाल झाला.

“चला,” सोन्ये गिऱ्हाइकांना म्हणाला, “बदकं कुणासाठी थांबत नाहीत.”

आणि ते गेलेसुद्धा. लाल झालेला बर्फ मी फावड्यानं पाण्यात लोटला. कुणी शेरीफकडे गेलं नाही. बायू सरीझवर, आमच्या ह्या संथ खाडीच्या काठी, अशा गोष्टी शेरीफकडे नेत नाहीत, नेल्या तर लोक हसतात.

सोन्ये शिकाऱ्यांचा वाटाड्या होता. आमच्या गावाखाली समुद्रापर्यंत नुसती दलदल पसरलेली आहे, खारं गवत, तळी आणि त्यांना जोडणारे ओहोळ. थंडीत उत्तरेकडून लाखांनी बदकं उतरतात. त्या दलदलीतला मोठा तुकडा सरकारी आहे. तिथं परवाना काढून कुणीही शिकार करावी, वाटाड्यानं मात्र धंदा करायचा नाही, असा नियम. सोन्ये करायचा. मेल्या गाईचं तळं म्हणून एक जागा आहे, तिथं बदकं अशी पडतात की पाणी दिसत नाही. ते तळं सोन्येनं आपलंच करून टाकलं होतं. दुसरं कुणी तिथं गेलं तर परत आल्यावर त्याच्या ट्रकचे टायर बसलेले असायचे. एकाच्या होडीला तळाशी छर्ऱ्यांची भोकं पडली होती.

हे सगळं ज्याच्यामुळे सांगतोय तो विल्मर शेसाँ कर्टिसच्या बहिणीचा नवरा. विल्मर खेकडेवाला होता. तारेचे पिंजरे पाण्यात सोडायचे, वर खुणेला तरंगतं बोंडूर बांधायचं, दुसऱ्या दिवशी उचलायचे. माणूस रेड्यासारखा दांडगा, पण त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. सोन्येची होडी मुद्दाम त्याच्या बोंडुरांवरून जायची. इंजिनाचं पातं दोर कापायचं आणि पिंजरा तळाशी जायचा, आतले खेकडे एकमेकांना खाऊन मरायचे. दर मोसमात हे व्हायचं. विल्मर नवे दोर विकत घ्यायला यायचा तेव्हा मी विचारायचो, “पुन्हा?” तो मान हलवायचा. बस, तेवढंच.

कर्टिसनं शिकारीची गोष्ट काढली ती लॉरेटाच्या स्वयंपाकघरात. लॉरेटा म्हणजे त्याची बहीण. ती गम्बोसाठी, आमच्याकडच्या दाट रश्शासाठी, तेलात पीठ भाजत होती. ते सोडून हलता येत नाही, म्हणून पाठमोरीच उभी होती.

“भावजी, यंदा आपण जाऊ या. तुम्ही आणि मी,” कर्टिस म्हणाला. दात गेल्यापासून त्याच्या बोलण्यात वारा शिरायचा. “वाटाड्या नको, कुणी नको. आपली होडी, आपली अक्कल.”

“तुझी अक्कल घरी ठेव,” लॉरेटा म्हणाली, “होडीत वजन नको व्हायला.”

“बघा, बघा. सख्खी बहीण आहे ही.”

“कुठे जायचं म्हणतोस?” विल्मरनं विचारलं.

कर्टिसनं टेबलावर नकाशा पसरला, त्यावर मिठाची बरणी आणि मिरचीच्या सॉसची बाटली ठेवली. विल्मर वाकला. खरं सांगायचं तर विल्मरला बदकांची शिकार फार आवडायची. बाप होता तोवर दोघं दर थंडीत जायचे. बाप गेल्यावर बंदूक कपाटात पडली होती. त्या संध्याकाळी नकाशावर वाकल्यावर त्याचा चेहराच बदलला, असं लॉरेटानं मला नंतर सांगितलं.

“गाडी कंपनीच्या कालव्यापाशी लावायची,” विल्मर नकाशावर बोट फिरवत म्हणाला. तेल कंपनीनं दलदलीतून एक सरळ, खोल कालवा खणला आहे, त्यातून मोठ्या बोटी जातात. “तिथून होडी पाण्यात. कालव्यानं खाली. मग हा ओहोळ. इथून पुढं गवत दाट आहे, काठीनं ढकलत जावं लागेल. हे लांबटं तळं बरं आहे. पूर्वेला तोंड नाही, सकाळचं ऊन डोळ्यात येणार नाही.”

“लांबट्या तळ्यात काय आहे? पाणकोंबड्या,” कर्टिस म्हणाला. त्यानं विल्मरचं बोट धरलं आणि इंचभर पश्चिमेला सरकवलं. “इथे.”

लॉरेटानं मागे वळून बघितलं. पिठाकडे दुर्लक्ष होऊन कडेनं जरा काळं झालं.

“तिथे सोन्ये असतो,” ती म्हणाली.

“जागा सरकारी आहे. पहिला येईल त्याची.”

“कर्टिस, तुम्ही बदकंच मारायला चाललात ना?”

“नाही, मासे. अगं, बदकंच! भावजी, तुम्हीच सांगा. आपण काय त्या माणसाला घाबरून लांबट्या तळ्यात पाणकोंबड्या मोजत बसायचं?”

विल्मर अजून नकाशावर वाकलेला होता. लॉरेटाला वाटलं, तो नाही म्हणेल. त्यानं नकाशावरचं बोट हलवलं नाही.

“वारा बघावा लागेल,” तो शेवटी म्हणाला.

मग तयारीला सुरुवात झाली. विल्मरनं ती अशी केली की जणू चर्च बांधायचं आहे. बापाची दुनळी काढून तेल दिलं. फसवी बदकं, म्हणजे पाण्यावर तरंगत सोडायची प्लॅस्टिकची, पोत्यांतून काढून धुतली, प्रत्येकाची दोरी आणि शिशाचं वजन तपासलं, रंग उडालेल्या नरांची डोकी हिरव्या रंगानं पुन्हा रंगवली. लांब दांड्याचं इंजिन उघडून साफ केलं. हे इंजिन चिखलातूनही होडी ओढतं, पण पाणी निदान वीतभर तरी लागतं. होडीवर टाकायला गवताच्या चटया विणल्या, म्हणजे होडी काठाच्या गवतात घुसवली की तीच लपण होते. रविवारी दोघं कालव्यावर जाऊन दुर्बिणीतून तळ्याकडे बघत बसले, कुठल्या बाजूनं बदकं उतरतात, कुठे बसतात.

सगळ्यात जास्त विचार त्यानं पाण्याचा केला. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की आमची दलदल उपडी केलेल्या परातीसारखी रिकामी होते. सगळं पाणी समुद्राकडे ढकललं जातं. सकाळी कमरेएवढं पाणी असलेल्या तळ्यात दुपारी नुसता चिखल, आणि तुमची होडी मधोमध. पण त्याच वाऱ्याबरोबर बदकंही येतात.

“वारा सुटायच्या पहाटे जायचं,” त्यानं कर्टिसला बजावलं. “उजाडल्यावर थोडा वेळ मारायची. सूर्य हातभर वर आला की, समोर बदकांचा डोंगर असला तरी, उठायचं. पाणी उतरायला लागलं की ते थांबत नाही.”

“उठायचं. समजलं.”

“रेडिओ घेतलास?”

“घेतला.”

काडतुसं आणायचं काम कर्टिसकडे होतं. त्यानं आणलेली पेटी विल्मरनं उघडली, एक काडतूस बोटांत धरून बघितलं.

“एवढे मोठे छर्रे? हे हंसांसाठी असतात. बदकाला मारलेस तर मांस उरायचं नाही.”

“हंस आले तर?”

“इथे हंस कधी आले होते?”

“भावजी, दुकानात हीच होती,” कर्टिस म्हणाला. विल्मरनं आपल्यासाठी जुनी बारीक छर्ऱ्यांची शोधून काढली आणि विषय सोडला.

ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी दोघं तळ्यात पोचले. सगळं नकाशाप्रमाणे झालं. ओहोळ सापडला, गवतातून काठीनं ढकलत गेले, फसवी बदकं सोडली, मध्ये उतरायला मोकळी जागा ठेवली, होडी गवतात घुसवून वर चटया टाकल्या. वारा अजून दक्षिणेचाच होता, कोमट आणि मंद. लॉरेटानं दिलेलं भाताचं सॉसेज त्यांनी थंडच खाल्लं. मग आकाश राखेच्या रंगाचं झालं आणि पंखांचा आवाज सुरू झाला.

पहिला थवा डोक्यावरून इतका खालून गेला की विल्मरच्या टोपीला वारा लागला. तो फिरला, पंख आखडून फसव्या बदकांत उतरायला लागला. विल्मर उठला. दोन बार, दोन बदकं. एक हवेतच गोळा झालं आणि पाण्यावर दगडासारखं आपटलं. दुसरा लांब शेपटीचा नर होता, पंख मोडून पडला आणि मान ताठ करून पोहत सुटला. विल्मरनं त्याला तिसऱ्या काडतुसानं पाण्यावरच संपवला. पिसं वाऱ्यावर पसरली. कर्टिसनंही झोडायला सुरुवात केली. त्याच्या मोठ्या छर्ऱ्यांनी एका मादीचं डोकंच उडवलं. जिवंत सापडलेलं बदक तो मानेला धरून गरकन फिरवायचा, हाड मोडल्याचा आवाज आला की होडीत टाकायचा. होडीच्या तळाशी रक्त आणि पाणी मिसळून गुलाबी झालं होतं. विल्मर हसत होता. लहान पोरासारखा, असं त्यानं स्वतःच मला सांगितलं.

“बास झाली,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “परवान्यावर मिळतात तेवढी माझी पूर्ण झाली. वारा फिरतोय, बघ.”

गवताची टोकं आता समुद्राकडे झुकली होती. गालाला गार लागत होतं.

“अजून थोडं, भावजी. माझी व्हायचीत.”

“उठायचं ठरलं होतं.”

“ती दोन पडलीत ना तिकडे, तेवढी आणतो.” कर्टिस छातीपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उतरला. बंदूक बरोबर घेतली. त्यात वावगं काही नव्हतं, जखमी बदक संपवायला घेतातच. पण तो बदकांकडे गेला नाही. तळ्याच्या तोंडापाशी, जिथून ओहोळ आत येतो, तिथं जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला.

सोन्ये गिऱ्हाइकांना घेऊन उशिराच यायचा. जागा त्याचीच होती, घाई कशाला? होडीत केसलर नावाचा एक म्हातारा दाताचा डॉक्टर होता आणि त्याचा जावई. तळ्यात दुसऱ्याची फसवी बदकं तरंगताना सोन्येनं बघितली आणि वेग कमी न करता होडी सरळ त्यांच्यावर घातली. पात्यानं दोऱ्या कापल्या, हिरवी डोकी तुटून उडाली. एकदा गेला, वळला, पुन्हा गेला. विल्मर लपणीत उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. बापानं त्याला शिकवताना जी वापरली होती तीच बदकं होती ती.

“कोण रे ते?” सोन्ये ओरडला. मग त्याला पाण्यात उभा असलेला कर्टिस दिसला. त्यानं इंजिन मंद केलं आणि हसला. “अरे, बोळक्या! तू होय? माझं तळं माझ्याकडूनच शिकलास आणि इथेच हागायला आलास?”

कर्टिसही हसला. पुढचं रिकामं तोंड पूर्ण उघडून हसला.

“तुला दाखवायला आलोय, सोन्ये.”

त्यानं बंदूक उचलली आणि सोन्येच्या इंजिनावर जवळून बार टाकला. मग दुसरा. पत्रा फाटला, पेट्रोल उडालं, इंजिन खोकून बंद पडलं. त्यासाठीच ते मोठे छर्रे होते. एक-दोन छर्रे लोखंडावरून उसळले. सोन्येचा कान फाटला आणि डाव्या डोळ्यातून रक्त यायला लागलं. जावई होडीच्या तळाशी पालथा पडला. म्हातारा केसलर मात्र बसला होता तसाच बसून राहिला, हात वर करून.

सोन्ये एका डोळ्यानं दोन पावलांत होडीच्या टोकाला आला, काठी उचलली आणि उडी मारली. कर्टिसची बंदूक रिकामी होती. पहिला फटका त्याच्या डोक्यावर बसला. दुसऱ्याला तो खाली गेला. सोन्येनं काठी टाकली, त्याच्या मानेवर गुडघा दिला आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड चिखलात दाबलं. कर्टिसचे बूट पाण्यानं भरले. हात बाहेर येऊन हवेत काहीतरी शोधत होते.

विल्मर वल्हं घेऊन आला. पाणी मांड्यांपर्यंत होतं, खाली चिखल, धावता येत नव्हतं. त्याला वाटलं, आपण कधी पोचणारच नाही. पोचला. वल्हं सोन्येच्या पाठीत घातलं. सोन्ये हलला नाही. दुसऱ्यांदा खांद्यावर घातलं तेव्हा त्याची पकड सुटली आणि तो बाजूला कोसळला. कर्टिस वर आला, नाकातोंडातून काळा चिखल ओकत, गुरासारखा ओरडत श्वास घेत.

खरं म्हणजे हे तिथंच संपायला हवं होतं. सोन्ये गुडघ्यांवर होता. त्यानं एक हात वर केला.

“बस,” तो म्हणाला.

विल्मरनं त्या वर केलेल्या हातावर वल्हं मारलं. कोपरातलं हाड मोडल्याचा आवाज होडीत बसलेल्या केसलरनं ऐकला. मग जबड्यावर. मग पुन्हा पाठीवर, बरगड्यांवर. केसलर “थांबा हो, थांबा, मरेल तो!” म्हणून ओरडत होता. जावयानं बंदूक विल्मरवर रोखली, पण म्हाताऱ्यानं ती हातानं खाली दाबली.  विल्मर पिंजऱ्याला चिकटलेल्या शिंपल्या झाडतो तसा मारत होता, एका लयीत, न चिडता. वल्ह्याचा दांडा मोडला तेव्हा तो थांबला. हातातल्या तुकड्याकडे त्यानं बघितलं. सोन्ये चिखलात पडून तोंडातून लाल फेस काढत होता.

आणि पाणी आता गुडघ्याखाली आलं होतं.

पहिल्यांदा भानावर आला तो विल्मर. उत्तरेचा वारा आता शिट्टी घालत होता. तळ्याच्या कडेनं चिखल उघडा पडायला लागला होता. त्याची स्वतःची होडी गवतात रुतली होती. चौघांनी जोर लावला तरी ती वीतभरही हलली नाही. सोन्येचं इंजिन मेलेलं.

“रेडिओ दे,” विल्मर कर्टिसला म्हणाला.

कर्टिस होडीला टेकून बसला होता. त्यानं बघितलं नाही.

“ट्रकमध्ये राहिला.”

“राहिला, की ठेवलास?”

कर्टिस बुटांतलं पाणी ओतायला लागला. विल्मरला सगळं एकदम कळलं. छर्रे, तळं, रेडिओ, उठायला लावलेला उशीर. आपण इतके दिवस शिकारीची तयारी करत होतो आणि हा दुसरीच तयारी करत होता.

“तुला तो इथे येऊन अडकायला हवा होता.”

“त्यानं काय केलं होतं माझं, विसरलात? मला फक्त त्याला चिखलात पायी चालवायचं होतं. रडत, चालत, गिऱ्हाइकांसमोर. मारायचं मी ठरवलं नव्हतं.” मग जरा थांबून म्हणाला, “मारलं तुम्ही.”

केसलरचा फोन पाण्यात भिजला होता, जावयाच्या फोनला त्या भागात रेंज नव्हती. म्हाताऱ्यानं सोन्येचा जबडा रुमालानं डोक्याशी बांधला. दाताचा डॉक्टर असल्यामुळे जबडा कसा धरायचा ते त्याला माहीत होतं.

“संध्याकाळपर्यंत थांबलो तर हा थंडीनंच जाईल,” तो विल्मरला म्हणाला. “तुम्हाला इथली माहिती आहे. काय करायचं?”

“कंपनीच्या कालव्यापर्यंत ओढत न्यायचं. तिथून बोटी जातात.”

फसवी बदकं ओढून न्यायला प्लॅस्टिकची एक खोल घसरगाडी होती, लहान मुलं बर्फावर खेळतात तसली. तिच्यात त्यांनी सोन्येला घातलं. विल्मरनं आपला जाड कोट काढून त्याच्यावर टाकला, वर गवताची चटई. सोन्ये शुद्धीवर होता. त्याचा उघडा डोळा विल्मरवरून हलत नव्हता.

“इथेच राहू द्या त्याला,” कर्टिस एकदम म्हणाला. “ऐका ना, भावजी. चिखल सगळं गिळतो. सांगू, होडी उलटली म्हणून. ह्या दोघांना—” त्यानं केसलरकडे आणि जावयाकडे बघितलं. त्याची बंदूक त्याच्या मांडीवर होती, आणि तो खिशात काडतुसं चाचपत होता.

विल्मर दोन ढांगांत त्याच्यापाशी गेला. बंदूक हिसकावून त्यानं दलदलीत जमेल तेवढी लांब फेकली. मग उघड्या पंजानं कर्टिसच्या तोंडात मारली. कर्टिस आडवा झाला.

“दोर धर,” विल्मर म्हणाला. “तू पुढे.”

ते ओढणं मी बघितलं नाही, पण त्या चिखलात मी चाललो आहे. एक पाय मांडीपर्यंत जातो, तो उपसेपर्यंत दुसरा जातो. खाली जुने शिंपले असतात, ते रबर कापतात, मग कातडं. कर्टिस आणि जावई पुढं दोरात, विल्मर मागून ढकलत, म्हातारा केसलर बाजूनं, सोन्येचं डोकं धरून. म्हातारा पुन्हा पुन्हा पडायचा आणि पुन्हा उठायचा. वाऱ्यानं भिजलेले कपडे कडक झाले. सोन्ये मध्येच ओरडायचा, बांधलेल्या जबड्यातून, जनावरासारखा. एकदा त्याला उलटी झाली आणि तो गुदमरायला लागला. विल्मरनं त्याला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून घाण काढली. सोन्येनं त्या बोटांना चावा घेतला, मोडक्या जबड्यानं, असेल नसेल तेवढ्या जोरानं. विल्मरनं बोटं काढली नाहीत. आत अडकलेला दात काढला, मग हात बाहेर घेतला.

दुपार कलली तेव्हा कालवा दिसला. तासाभरानं एक ओढबोट आली. तिच्या खलाशांनी लांबून बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, चिखलाचीच माणसं बांधावर उभी आहेत.

सोन्ये वाचला. डावा डोळा गेला, उजवा हात कोपरातून सरळ होईना, जबडा तारांनी शिवला तो जरा वाकडाच बसला.

धक्क्यावर शेरीफचे लोक आले तेव्हा कर्टिसनं चटकन सांगून टाकलं, “मारलं भावजींनी. मी तर पाण्याखाली होतो.” खोटं काहीच नव्हतं त्यात. लॉरेटा तिथंच उभी होती, अंगावर घरातलाच झगा, पायांत चपला. ती भावाकडे गेली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. मग नवऱ्याच्या रक्ताळलेल्या बोटांना तिनं आपला रुमाल गुंडाळला.

खटल्यात केसलरनं दोन्ही गोष्टी सांगितल्या. ह्या माणसानं नको तेवढं मारलं, आणि ह्याच माणसानं त्याला बाहेर काढलं. विल्मरच्या वकिलानं त्याला पढवून ठेवलं होतं, मेहुण्याचा जीव वाचवायला मारलं असंच म्हणायचं. न्यायाधीशानं विचारलं तेव्हा विल्मर उभा राहिला.

“पहिले दोन त्याला सोडवायला होते,” तो म्हणाला. “बाकीचे माझे होते.”

वकिलानं हातातलं पेन खाली ठेवलं. मी तिथंच बसलो होतो. पुढं विल्मर आणखी काहीतरी सांगायला लागला, पिंजऱ्यांबद्दल, दोरांबद्दल, पण दोन वाक्यांतच थांबला आणि म्हणाला, “ते जाऊ दे.”

त्याला तुरुंग झाला. कर्टिसलाही झाला, पण थोडा. सुटल्यावर तो लॉरेटाच्या दारात आला तेव्हा तिनं जाळीचं दार आतून लावून घेतलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. तो पायरीवर बराच वेळ बसून गेला. आता टेक्सासकडे कुठल्यातरी समुद्रातल्या तेलविहिरीवर असतो, असं ऐकतो.

विल्मर आत होता तोवर लॉरेटानं पिंजरे उचलले. पहिल्या महिन्यात तिच्या हातांची सालटं निघाली. बर्फ न्यायला यायची तेव्हा मी मदत करतो म्हटलं तर म्हणायची, “तू बर्फ विक. मी बघते.” त्या मोसमात तिचा एकही दोर कापला गेला नाही. सोन्येची होडी धक्क्याला उलटी पडून होती.

विल्मर सुटून आला तो वाळून गेला होता, पण हात तसेच. पुन्हा खेकडे धरायला लागला. मागच्या थंडीत तो माझ्याकडे बर्फ घेत असताना सोन्ये आला. तो आता वाटाड्याचं काम करत नाही, भावाच्या कोळंबीच्या बोटीवर जाळ्यातला माल निवडायला बसतो, एका हातानं. दोघं समोरासमोर आले ते पहिल्यांदाच. धक्क्यावर आम्ही तिघंच होतो. मी फावडं हातात घट्ट धरून उभा राहिलो.

सोन्ये जवळ आला. वाकड्या जबड्यामुळे त्याचे शब्द कडेनं निघत.

“मी ‘बस’ म्हणालो होतो,” तो म्हणाला. “तुला ऐकू आलं होतं?”

विल्मरनं त्याच्याकडे बघितलं. वाऱ्याचा किंवा पाण्याचा आवाज होता, असं काहीही सांगता आलं असतं त्याला.

“आलं होतं,” तो म्हणाला.

सोन्येनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला, जणू काही हिशेब जुळत होता आणि त्याला तो जुळायला नको होता. मग त्यानं आपली पाटी माझ्यासमोर सरकवली.

“भर,” मला म्हणाला.

मी बर्फ भरला. पाटी जड झाली, एका हातानं ती उचलवेना. विल्मरनं हात पुढं केला तसा सोन्ये गुरगुरला, “हात लावू नकोस.” मग त्यानं पाटी जमिनीवरून ओढत नेली, धक्क्याच्या फळ्यांवरून खडखडत, थांबत, पुन्हा ओढत. विल्मर तो बोटीवर चढेपर्यंत तिथंच उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या बर्फाचं पाणी होऊन पायाशी वाहत होतं, पण त्यानं खाली बघितलं नाही.